बोरमाळ

होळी होऊन आठवडा झाला होता. गुरुवार, म्हणजे आमच्या दवाखान्यात स्मरणशक्तीच्या तक्रारींच्या ओपीडीचा दिवस. मी तिथे मानसशास्त्रज्ञ आहे. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो, मी चाचण्या घेते, घरच्यांशी बोलते. त्या दिवशी माण तालुक्यातून बहात्तर वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. सोबत मुलगा आणि सून. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि सुनेला विचारूनच हे लिहिते आहे.)

खुर्चीत टेकायच्या आधीच आजी म्हणाल्या, “हिला भाईर काढा.” सून काही न बोलता उठली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मुलगा मला म्हणाला, “तिला बघितलं की आई बिथरते, मॅडम. घरातली भानगड हाय.”

आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या. अशा पेशंटला तारीख विचारून किंवा कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावून काहीच कळत नाही, कारण ते त्यांना आधीही येत नव्हतं. त्यांचं कॅलेंडर सणांचं आणि बाजाराचं असतं. मी विचारलं, “गावचा बाजार कुठल्या वारी असतो?” “सोमवारी,” त्या पटकन म्हणाल्या. मुलाने माझ्याकडे बघितलं, बघा किती नीट सांगते, अशा नजरेने. “आणि शिमगा झाला का यंदाचा?” आजी मुलाकडे वळल्या. तो काही बोलेना, तेव्हा म्हणाल्या, “अजून दिवाळी कुठं झालीया?”

मग मी त्यांना तीन शब्द दिले: चाक, लिंबू, छत्री. तिन्ही त्यांनी लगेच म्हणून दाखवले. मिनिटभरात येतील तेवढ्या भाज्या सांगा म्हटल्यावर मेथी, वांगं, घेवडा, मेथी, वांगं आणि पुन्हा मेथी. पाच मिनिटांनी मी ते तीन शब्द विचारले. “कसलं शब्द?” आजी खरोखर गोंधळल्या. “एक फळ होतं,” असं सुचवूनही काही आलं नाही. वय झालेलं माणूस शब्द विसरतं, पण आठवण करून दिली की बहुतेक वेळा त्याला लागतं. आजींना शब्द दिले होते हेच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

घरची माहिती घेताना मुलाने भानगड सांगितली. आजींची तीन तोळ्यांची बोरमाळ, त्यांच्या आईने दिलेली. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. सुनेनेच माहेरी पोचवली, असं आजी रोज म्हणू लागल्या, आल्यागेल्याला सांगू लागल्या. नणंदा आल्या, भावकी बसली. शेवटी सुनेला पालीच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावला. तिने उचलला, तरी आजी म्हणतच राहिल्या. “आई जन्मात कधी खोटं बोलली न्हाई,” मुलगा खाली बघत म्हणाला. “मी तरी काय करायचं?”

आजींना डॉक्टरांकडे पाठवून मी सुनेशी बोलायला बाहेर गेले. आमच्या फॉर्मवर रोजच्या व्यवहारांचे प्रश्न असतात आणि त्यांची खरी उत्तरं बहुतेक घरांत सुनेकडेच मिळतात. आजी भाकरी अजून गोल थापतात, पण आमटीत मीठ दोनदा पडतं. न्हाणीतून लुगडं उलटं नेसून येतात. रात्री दोनला उठून म्हशीला वैरण टाकायला निघतात. म्हैस विकून तीन वर्षं झाली. हे सगळं ती एका सुरात सांगत होती. त्या रात्री दोनला आजींना हाताला धरून परत कोण आणतं, हे मला विचारावं लागलं नाही. मी विचारलं, “वस्तू लपवून ठेवतात का?”

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग अगदी हळू म्हणाली, “माळ मला घावली हाय, मॅडम.”

थंडीत माडग्याला हुलगे काढताना सापडली होती. हुलगे टिकावेत म्हणून राखेत घालून ठेवतात, त्या डब्यात, राखेच्या खाली. “मग दिली का नाही?” मी विचारलं, आणि विचारताक्षणी मला माझीच लाज वाटली.

“दिली असती तर काय म्हनले असते? चोरली हुती, आता भंडाऱ्याच्या भ्यानं आनून ठिवली. जिथं घावली तिथंच परत ठिवली. दोन म्हयने झाले. रोज झाकन उघडून बघती, हाय का न्हाई.”

मी या कामात बारा वर्षं आहे. आळ घेणारे पेशंट दर आठवड्याला येतात. पण ज्या घरात आपल्याला चोर म्हणतात त्याच घरात सोनं सापडूनही बाहेर काढता येत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“माझं नाव घेऊ नका,” ती म्हणाली. “तुमीच सांगा त्यास्नी, कुठं कुठं बघायचं ते. त्यांच्या हातानं निघू द्या.”

डॉक्टरांनी बी-12, थायरॉईड आणि एमआरआय लिहून दिलं, कारण स्मरणशक्ती इतर कारणांनीही बिघडते आणि त्यातली काही बरी होण्यासारखी असतात. पण सगळी लक्षणं अल्झायमरकडे बोट दाखवत होती. मुलाला समोर बसवून मी सांगितलं: या आजारात मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग सुरुवातीलाच झिजतो. आई वस्तू जपून ठेवतात, पण ठेवल्याची आठवण तयारच होत नाही. वस्तू जागेवर नाही, एवढंच खरं उरतं. मग कुणीतरी नेली असणार, आणि जे माणूस दिवसभर हाताशी असतं त्याच्यावरच आळ येतो. आई आजही खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापुरतं ते घडलेलंच आहे.

त्याला पटेना. मग मी त्याला आजाराच्या पहिल्या नोंदीचं सांगितलं. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली ज्या बाईची हकीकत मांडली, तिचं वय एक्कावन्न होतं. सुरुवातीच्या लक्षणांतच नवऱ्यावरचा संशय होता, आणि ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवत असे. “शंभरावर वर्षांपूर्वी, दुसऱ्या मुलखात,” मी म्हटलं, “तुमच्या घरातलंच लिहून ठेवलंय.” तो गप्प झाला.

मग मी जागा सांगितल्या. उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागे, कडधान्याचे डबे अगदी राखेतलेसुद्धा, पत्र्याची पेटी. “तुम्ही स्वतः शोधा. सापडली तर खरी लॉकरमध्ये ठेवा आणि आईंना तशीच बेन्टेक्सची आणून द्या. पुन्हा चोरी झाली म्हणाल्या तर वाद घालायचा नाही. चल, मिळून शोधू, एवढंच म्हणायचं.”

महिन्याने तिघं पुन्हा आली. एमआरआयमध्ये झीज दिसत होती, बाकीचे रिपोर्ट ठीक होते. डॉक्टरांनी डोनेपेझिल हे औषध सुरू केलं. त्याने आजार जात नाही, काहींना काही काळ थोडी मदत होते, हेही सांगितलं. या वेळी सून आत बसली होती. आजी कुरकुरल्या, “माझी बोरमाळ हिनं नेली.” त्यांच्या गळ्यात बेन्टेक्सची होती. मुलगा म्हणाला, “व्हय आई, घरी गेल्यावर दोघं शोधू.” आजी शांत झाल्या.

निघताना सून दारात मागे राहिली.

“घावली त्यास्नी, दुसऱ्याच दिवशी. माळ हातात घिऊन चुलीम्होरं बसून ऱ्हायले. मला वाटलं, आता कायतरी बोलतील. तर म्हनले, च्या ठेव.”

“मग?”

“म्या न्हाई ठिवला. म्हनलं, आज तुमी ठेवा.”

“ठेवला?”

“ठिवला की. साखर लई पडली,” ती म्हणाली, आणि आजींच्या चपला उचलून त्यांच्या मागे गेली.