पॅन्ट नसलेली दोन भुतं

घोस्ट्स नावाची एक ब्रिटिश कॉमेडी आहे, बीबीसीवर 2019 ला सुरू झाली. एका जोडप्याला वारशात जुनापुराणा प्रचंड बंगला मिळतो, त्यात वेगवेगळ्या शतकांत मेलेली भुतं राहतायत, बायकोला ती दिसतात आणि नवऱ्याला दिसत नाहीत, बास एवढीच गोष्ट. त्यातलं एक भूत म्हणजे ज्युलियन, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार, नको त्या वेळी नको त्या अवस्थेत गचकला, त्यामुळे आता कायमचाच वर कोट-टाय आणि खाली पॅन्टच नाही. 2021 ला सीबीएसनं याचीच अमेरिकन आवृत्ती काढली. त्यातही पॅन्ट नसलेलं एक भूत आहे, ट्रेव्हर, वॉल स्ट्रीटवाला, पैसेवाला, पार्टीबाज. आपण धरूनच चालतो की याचंही असंच काहीतरी लफडं असणार. आणि पहिल्याच सीझनमधे कळतं की ऑफिसातल्या एका नव्या पोराची रॅगिंग चालली होती, तर ट्रेव्हरनं स्वतःची पॅन्ट काढून त्याला दिली होती!

मी तो एपिसोड बघून हसले, थोडं डोळ्यात पाणीपण आलं, आणि लगेच चिडचिड झाली की अरे याला पण चांगला केलात का, एक तरी माणूस नालायक राहू द्या की. ज्युलियनचं असं काही होत नाही. मधेच कधीतरी तो बरा वागतो, पण पॅन्ट का नाही याचं उत्तर जे आहे तेच राहतं.

आता ब्रिटिश कॉमेडी की अमेरिकन कॉमेडी हा विषय काढला की कुणीतरी येऊन सांगतंच की ब्रिटिश ह्यूमर कसा हुशार लोकांसाठी असतो आणि अमेरिकन लोकांना आयरनी कळत नाही. मला याचा फार वैताग येतो. बहुतेक वेळा हे सांगणारा माणूस स्वतः रात्री जेवताना फ्रेंड्स लावून बसलेला असतो, आणि ब्रिटनमधे बनलेल्या भयाण कॉमेड्या आपल्यापर्यंत पोचतच नाहीत म्हणून आपल्याला तिकडचं सगळंच भारी वाटतं. माझ्या मते खरा फरक बुद्धीचा नाहीच, फरक आहे हरलेल्या माणसाचं पुढं काय करायचं याचा. ब्रिटिश त्याला आहे तिथंच सोडतात, अमेरिकन त्याला हात धरून उठवतात. आणि यामागं स्वभाव किती नि पैसा किती हा प्रश्नच आहे, मला तर पैसाच जास्त वाटतो.

म्हणजे बघा, फॉल्टी टॉवर्सचे एकूण एपिसोड 12. सहा 1975 ला, सहा 1979 ला. रिकी जर्व्हेसच्या ऑफिस या सिरियलचे 12, वर ख्रिसमस स्पेशल. फ्लीबॅगचे 12. एक किंवा दोन माणसं घरी बसून लिहितात (जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ, जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट, फ्लीबॅगची तर फीबी वॉलर-ब्रिज एकटीच), सांगायचं ते सांगून झालं की दुकान बंद. बीबीसी लायसन्स फीवर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या पैशावर चालतं, मधे जाहिराती नाहीत, त्यामुळे अर्धा तास म्हणजे जवळजवळ अर्धा तास मिळतो आणि शांतता, अवघडलेपण, कुणीतरी नुसतं कॅमेऱ्याकडं बघत बसणं हे सगळं परवडतं. अमेरिकन नेटवर्कवर अर्ध्या तासातली साधारण 22 मिनिटं हातात येतात, वर्षाला 22-24 एपिसोड काढायचे असतात, त्यासाठी खोलीभर लेखक बसवावे लागतात. आणि खरा पैसा होता सिंडिकेशनमधे, म्हणजे तीच सिरियल गावोगावच्या चॅनेल्सना रिपीटसाठी विकण्यात, त्यासाठी शंभरेक एपिसोड हवेत असा हिशोब असायचा. आता शंभर एपिसोड लोकांनी रोज संध्याकाळी बघावेत असं वाटत असेल तर मधोमध बॅसिल फॉल्टीसारखा माणूस ठेवून कसं चालेल? बंद पडलेल्या गाडीला झाडाची फांदी तोडून आणून बडवणारा हॉटेलवाला सहा आठवडे बघायला मजा येते, नऊ वर्षं कोण बघणार त्याला.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ऑफिसमधे. मूळ ब्रिटिश ऑफिस 2001 चं, लंडनपासून जवळच्या स्लाव नावाच्या कंटाळवाण्या गावातली कागद विकणारी कंपनी, मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. अमेरिकन ऑफिस 2005 चं, पेन्सिल्व्हेनियातलं स्क्रॅन्टन, मॅनेजर मायकल स्कॉट. पहिला एपिसोड जवळजवळ कॉपी आहे, स्टेपलर जेलीत घालून ठेवलाय तो तसाच, रिसेप्शनवरच्या मुलीला चोरीचा आळ घेऊन खोटंखोटं कामावरून काढायचं आणि ती रडायला लागल्यावर ‘अगं गंमत केली’ म्हणायचं तेही तसंच. ब्रिटिश आवृत्तीत तो सीन बघताना अंगावर काटा येतो, कारण ब्रेंटला आपण विनोदी आहोत असं मनापासून वाटतं आणि त्याच्यासारखा माणूस आपण प्रत्येकानं नोकरीत सोसलेला असतो. अमेरिकेत हाच सीन नुसता क्रूर वाटला. तो पहिला सहा एपिसोडांचा सीझन फारसा चाललाच नाही.

दुसऱ्या सीझनला अमेरिकन ऑफिस बनवणाऱ्या ग्रेग डॅनियल्स आणि मंडळींनी मायकलचे केस बदलले, तो अधूनमधून सेल्समन म्हणून खरंच हुशार आहे असं दाखवायला सुरुवात केली, आणि मुख्य म्हणजे तो माणसांसाठी आसुसलेला आहे हे दाखवलं. तिसऱ्या सीझनमधे पॅमच्या, म्हणजे त्याच रिसेप्शनवरच्या मुलीच्या, चित्रांचं छोटंसं प्रदर्शन असतं, ऑफिसातलं जवळजवळ कुणी फिरकत नाही, जे येतात ते नाकं मुरडून जातात, ती आवराआवर करायला लागते आणि तेवढ्यात मायकल धावतपळत येतो. त्यांच्या ऑफिसच्या बिल्डिंगचं एक साधंसं चित्र बघून हरखून जातो, विकत घेतो, नेऊन भिंतीवर लावतो. त्या क्षणी तुम्ही त्याचे आधीचे सगळे गुन्हे माफ करून टाकता. मी केले. या सिरियलच्या लेखकांच्या खोलीत मिंडी केलिंगही होती, ऑफिसातल्या केलीचं कामही तीच करायची, त्याच सीझनचा दिवाळीचा एपिसोड तिनं लिहिलाय आणि त्यातही मायकल भयंकर माती खातो पण शेवटी त्याची कीवच येते.

आता ब्रेंटकडं या. त्याला नोकरीवरून काढल्याचं सांगतात तेव्हा तो चॅरिटीच्या कार्यक्रमासाठी शहामृगाचा वेष घालून बसलाय. पुढच्या एपिसोडमधे तो दोन वरिष्ठांपुढं रडवेला होऊन मला काढू नका म्हणून गयावया करतो, आणि कॅमेरा हलत नाही, मागं संगीत नाही, कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. मला विचाराल तर टीव्हीवरच्या कॉमेडीत याहून भारी मी काही बघितलेलं नाही. पण खरं सांगायचं तर तो एपिसोड मी परत लावत नाही. अमेरिकन ऑफिसचे 201 एपिसोड मात्र पोळ्या लाटता लाटता कितीदा झाले असतील. आणि ब्रिटिश लोक अगदीच पाषाणहृदयी आहेत असंही नाही, 2003 च्या ख्रिसमस स्पेशलमधे शेवटच्या काही मिनिटांत ब्रेंटला थोडासा मान मिळतो, रिसेप्शनवरची डॉन तिच्यावर जीव असलेल्या टिमकडं परत येते. फक्त तेवढं मिळवायला आधी सगळी सिरियलभर हाल काढावे लागतात. अमेरिकेत त्यांच्या जागी असलेल्या जिम आणि पॅमचं तर लग्न, मुलं, लग्नातल्या कुरबुरी सगळं बघायला मिळतं, मायकललाही हॉली मिळते आणि तो कोलोरॅडोला जातो. शहामृग वगैरे काही नाही.

युद्धावरच्या कॉमेडीतही हेच. ब्लॅकअॅडरचा चौथा सीझन, 1989, पहिल्या महायुद्धातले खंदक. शेवटच्या एपिसोडमधे विनोद हळूहळू कमी होत जातात, सगळे शिडीवरून वर चढून गोळीबारात धावत जातात आणि पडदा पॉपीच्या फुलांनी भरून जातो. सगळे मेले. संपलं. मॅश ही कोरियन युद्धातल्या अमेरिकन मिलिटरी हॉस्पिटलची, युद्ध तीन वर्षं चाललं आणि सिरियल 11. तिचा शेवट 1983 ला दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितला आणि तिथं जवळजवळ सगळे एकमेकांना मिठ्या मारून घरी जातात. म्हणून ती गोड आहे असं नाही हां, त्या शेवटच्या भागातही हॉकआयचं डोकं फिरलेलं आहे आणि त्याचं कारण ऐकवत नाही. पण एक गंमत आहे. सीबीएसला मॅशमधे रेकॉर्डेड हशा हवाच होता, बनवणाऱ्यांना नको होता, शेवटी तडजोड अशी की निदान ऑपरेशन थिएटरमधे तरी हशा नको. बीबीसीनं तीच सिरियल तो हशा काढून दाखवली. म्हणजे ब्रिटिश प्रेक्षकांनी वेगळीच, बरीच उदास मॅश बघितली. इंटरनेटवर दोन्ही शेजारी लावून बघा, तोच संवाद, तोच नट, आणि एकीत तो वात्रट वाटतो, दुसरीत थकलेला.

क्लासचा, म्हणजे कोण वरच्या थरातला नि कोण खालच्या, हा मुद्दा तर राहिलाच. ब्रिटिश कॉमेडीतून क्लास काढला तर निम्मी कॉमेडी उरणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या होमगार्डांवरच्या डॅड्स आर्मीत कॅप्टन मेनवॅरिंग बँकेचा मॅनेजर आहे, सार्जंट विल्सन त्याच्याच हाताखालचा, पण विल्सन खानदानी घरातला, भारी शाळेतला, आणि ही एकच गोष्ट मेनवॅरिंगला नऊ वर्षं खात राहते. बॅसिलही पाहुण्यांत कुणी लॉर्ड आहे म्हटलं की लाळ गाळायला लागतो. आणि कीपिंग अप अपिअरन्सेसमधली हायसिंथ बकेट, जी आडनावाचा उच्चार बुके असा करते आणि पाहुण्यांच्या हातात उंची कपबशी देऊन जीव मुठीत धरून बसते, तशी बाई आपल्या प्रत्येक सोसायटीत असतेच, ती बहुतेक वेळा भिशीचे पैसे गोळा करत असते. अमेरिकेत हे चालत नाही, तिथं सगळे स्वतःला मधलेच समजतात. फॉल्टी टॉवर्सची अमेरिकन आवृत्ती 1983 ला आली होती, अमांडाज, त्यात बॅसिलचं पात्रच नव्हतं! काही महिन्यांत गाशा गुंडाळला. कपलिंग तर अमेरिकेत 2003 ला चार एपिसोडांत गेली, घरी फ्रेंड्स असताना फ्रेंड्सची ब्रिटिश मावसबहीण कोण बघणार.

माझ्याच थिअरीला छेद देणारी सिरियल म्हणजे साइनफेल्ड. ती बनवणाऱ्यांतल्या लॅरी डेव्हिडचा तिथं नियमच होता, मिठ्या नाहीत आणि कुणी काही शिकायचं नाही. चौघंही शेवटपर्यंत स्वार्थी, क्षुद्र, आणि 1998 च्या शेवटच्या भागात चक्क जेलमधे जातात. आणि लोक भडकले ना! नऊ वर्षं ज्या नालायकपणावर हसलो त्याचीच शिक्षा झालेली कुणाला आवडली नाही.

याच्या उलट ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस. डेल बॉय, लंडनच्या पेकहममधला फेरीवाला, पुढच्या वर्षी आपण लखपती नव्हे करोडपती होणार हे पालुपद वर्षानुवर्षं. 1996 च्या ख्रिसमसला गॅरेजमधे पडलेलं जुनं घड्याळ लिलावात 62 लाख पौंडाला जातं आणि तो होतो करोडपती. 2 कोटी 43 लाख लोकांनी बघितलं ते. अमेरिकेत इथं संपलं असतं. पण पाच वर्षांनी स्पेशल आला आणि पहिल्या काही मिनिटांतच कळतं की सगळे पैसे बुडाले, परत त्याच फ्लॅटमधे. पैसेवाला डेल बॉय घेऊन करणार तरी काय म्हणा.

आणि आपल्याकडं काय झालं, तर माइंड युअर लँग्वेजवरून हिंदीत जबान संभालके आली, ती पंकज कपूरमुळं छान जमली. पण माझी खरी लाडकी म्हणजे येस मिनिस्टरवरून केलेली जी मंत्रीजी, 2001 ची, मंत्री फारूख शेख आणि सेक्रेटरी जयंत कृपलानी. मूळ सिरियलमधे मंत्री जिम हॅकर पुढं पंतप्रधान होतो तरी त्याचा सेक्रेटरी सर हम्फ्री त्याला एक फाईल हलवू देत नाही, म्हणजे प्रमोशन देऊनसुद्धा ब्रिटिशांनी त्याला जिथं होता तिथंच ठेवलं. हिंदीत आणताना फार काही बदलावं लागलं नाही, फायली, नोटिंग, समित्या नेमणं, सगळं इथं तयारच होतं, ब्रिटिशच ठेवून गेले होते. फारूख शेखचा तो एकाच वेळी भाबडा आणि बेरकी चेहरा तर काय सांगू. हल्ली ती धड कुठं सापडत नाही, तुकडेतुकडे मिळतात फक्त. कुणाकडं नीट एपिसोड असतील तर प्लीज कळवा.