तक्त्यावरची ट्यूबलाइट

आठवीत असताना 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या वाट्याला रामन परिणामाचा तक्ता आला. फेटेवाले रामन, खाली '1928, कलकत्ता', '1930, नोबेल'. (सोबत राबलेल्या कृष्णन यांचं नाव लिहायचं राहिलंच होतं.) भाषण तोंडपाठ. पाहुण्यांनी विचारलं, "पण बाळ, यावरून पदार्थ ओळखतात कसा?" मी पुन्हा "आदरणीय गुरुजन" पासून सुरुवात केली. विज्ञानाच्या सरांनी कपाळाला हात लावला.

आज औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रोज तेच करतो, तेव्हा उत्तर उशिरा देतो. लेझर पदार्थावर टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश आला त्याच रंगाचा असतो. कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच कण रंग किंचित बदलून परततो, कारण रेणूतल्या बंधांच्या थरथरण्याला तो थोडी ऊर्जा देऊन आलेला असतो. हाच रामन परिणाम. किती दिली, हे त्या बंधांवर ठरतं. ही ऊर्जा ज्या पट्टीवर मोजतात त्या तरंगसंख्येच्या पट्टीवर इथेनॉलचा ठळक पीक (आलेखातलं टोक) 880 च्या आसपास, मिथेनॉलचा 1030 च्या जरा पुढे. दिसायला दोन्ही पाण्यासारखे, पण दुसरा डोळे घालवतो, जीवही घेतो. बाटलीचं बूच न काढता, काचेतूनच कळतं कोण आहे ते. हळदीसारखं काही असलं तर मात्र त्याचीच चकाकी इतकी की हा बारीक प्रकाश बुडून जातो.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात हिरव्या, 532 नॅनोमीटरच्या लेझरवर मला त्याच पट्टीवर 484 ला एक सुईसारखा पीक मिळाला. रेफरन्समध्ये नव्हता. सॅम्पल बदललं, बाटली बदलली, पीक जागचा हलेना. भेसळ पकडली म्हणून मी हरखलो, रिपोर्ट लिहायला घेतला. सीनियर मॅडम आल्या, स्क्रीनकडे पाहिलं आणि काही न बोलता भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूबलाइट गेली, पीकही गेला. तो ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा प्रकाश होता. गंमत म्हणजे लेझर यायच्या कितीतरी आधी खुद्द रामन यांनी रंग बदललेल्या प्रकाशाच्या रेषा मोजल्या त्या पाऱ्याच्याच दिव्यावर.

प्रदर्शनात माझ्या तक्त्यावरही एक ट्यूब फडफडत होती. पाहुणे यायच्या आधी बाकावर चढून सरांनीच तिचा स्टार्टर फिरवला होता.