ठकीचं मागणं

श्रावणातला दुसरा सोमवार, रात्रीचे साडेनऊ

दुपारपासून झड लागलीय. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या कौलांवरून पागोळ्या गळतायत, शेजारचा माग अजून खटखटतोय, आणि आमची मांजर ठकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ओरडतेय. आत्ताच जेवलीय ती. मीच वजनकाट्यावर मोजून घातलंय.

तिच्या मागण्याला पायऱ्या आहेत. आधी पायांत घोटाळते. मग घुरघुर. मग त्या घुरघुरीतच एक बारीक, बाळ कण्हल्यासारखा आवाज येतो आणि माझा हात आपोआप डब्याकडे जातो. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००९ साली नेमका हाच आवाज ध्वनिमुद्रित करून तपासला होता. खायला मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत एक उंच सूर मिसळलेला असतो, आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जातो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं, त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. माझा जीव तुटतो तो उगाच नाही.

आषाढात तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं, ते वेगळ्याच भीतीने. नऊ वर्षांची झाली, सारखी भूक भूक करते, पोटात जंत झाले असतील का, साखर असेल का. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं. ६ किलो २०० ग्रॅम. बरगड्यांवरून माझीच बोटं फिरवून विचारलं, "लागतायत का हाताला?" लागत नव्हत्या. मग म्हणाले, "खूप खाऊनही मांजर वाळत चाललं, तर जंत, साखर, थायरॉइड असलं काहीतरी शोधावं लागतं. ही वाळत नाही, वाढतेय. घरात कोण कोण घालतंय तिला?" तरी खात्रीसाठी रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं.

घरी येऊन मी खरोखर मोजलं. सकाळी मी वाटीभर कोरडं खाणं घालते. यांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी जेवायला बसल्या की त्यांच्या ताटाशेजारी चतकोर भाकरी दुधात कुस्करून. संध्याकाळी भिंतीपलीकडच्या अज्जींकडे पुन्हा दूध. रात्री परत मी. चार हातांनी खाणारं एक मांजर, आणि प्रत्येकाला वाटायचं की बिचारी उपाशी आहे.

आत्तींना मी बोल लावत नाही. अशाच एका पावसात हे पिल्लू परसात कुडकुडत सापडलं, डोळे चिकटलेले. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्यांनीच जगवलं. त्यांना कमी घाला म्हणून सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? त्या सरळ म्हणाल्या, "समोर बसून तोंडाकडे बघतंय, त्याला न देता घास गिळायचा कसा गं? तू नुसती मोजत बसतीस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही त्याच वळणाची आहे. दारात आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हे आईने शिकवलं आणि इथे आत्तींनी पक्कं केलं. माया करायची म्हणजे वाढायचं, एवढंच मला येतं.

पण दूध तिला सोसत नव्हतं. पिल्लू असताना पचतं, मोठेपणी बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. तिला अधूनमधून होणारे जुलाब त्याचेच. आणि भाकरीने पोट भरतं, पण मांजराला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य तिच्यात नसतं. ते मांस-मासळीत असतं, आणि ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे दोन्ही जाऊ शकतात. शिवाय पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे लागतं कमी आणि भूक जास्त.

मग श्रावण आला. घरात महिनाभर मासळी नाही, चुलीवर मांस चढायचं नाही. एरवी गोव्याकडून येणारे बांगडे आणले की तिचा वाटा ठरलेला. यंदा मी परसदारी, न्हाणीच्या आडोशाला जुना स्टोव्ह मांडला आणि वेगळ्या पातेल्यात कोंबडीचे तुकडे नुसते पाण्यात उकडले. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक, त्यामुळे मीठ-मसाला काहीच नाही. आत्ती दारातून बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, "व्रत आपलं हाय. तिचं न्हवं." आणि आत जाऊन पोथी घेऊन बसल्या.

अज्जींना सांगणं जास्त अवघड गेलं. त्या लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ठकीवर त्यांचा फार जीव. कट्ट्यावर बसून तिला "ऊट आतेनु?" विचारतात, जेवलीस का म्हणून. माझं कन्नड बाजारापुरतं. मी ठकीच्या पोटावर हात ठेवून म्हटलं, "अज्जी, हालु बेड." दूध नको. त्यांचा चेहरा उतरला. "पाप," एवढंच म्हणाल्या. तो शब्द दोन्हीकडचा, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ बिचारी. मला आपल्या अर्थानेच लागला. अजून लागतो.

एकदम उपाशी ठेवायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलंय. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं. म्हणून आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅमच उतरवायचे. दिवसाचं सगळं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढते आणि त्यातूनच पाच वेळा थोडं थोडं. मांजराची जातच अशी, एकदा ताट भरून जेवणारी नव्हे, दिवसभरात उंदीर-उंदीर करत खाणारी. पाच वाट्यांनी तिचं ओरडणं थोडं कमी झालंय. पहाटे चारचं मात्र नाही. ती वेळ सर्वांत कठीण. एकदा उठून घातलं की दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठवते, हे मी दोनदा अनुभवलंय.

मंगळवार, सकाळ

आज चारला उठले, पण डब्याकडे गेले नाही. मागवाल्यांकडून आणलेल्या तुटक्या रेशमाच्या दोऱ्याला कागदाची गुंडी बांधून सोप्यात ओढत बसले. आधी ती माझ्याकडेच बघत राहिली. मग एक झेप, मग दुसरी. दहा मिनिटांत धापा टाकत मांडीवर येऊन आडवी झाली. खेळ संपल्यावर दोरा डब्यात बंद करून ठेवला, गिळला तर आतडी कापतो.

मला वाटत होतं घरातले सगळे झोपलेत. साडेपाचला दिवा लावला तर आत्ती आधीच उठून उंबऱ्यावर बसलेल्या, पदर डोक्यावरून घेऊन, मांडीशी ठकी. पाऊस ओसरला होता. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, चतकोर असेल म्हणून. हात रिकामा होता. त्या दोन बोटांनी तिची हनुवटी खाजवत होत्या आणि हळू आवाजात सांगत होत्या, "सहाला देती म्हणे तुला. थांब जरा. मी हाय न्हवं बसलेली."