जिन्यातल्या दिव्याचा उसना न्यूट्रल

आमच्या घरात फ्यूज कधी उडायचा नाही, आणि बाबांना त्याचा कोण अभिमान! गेल्या महिन्यात बोर्ड बदलायला घेतला, पहिला किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारा चिनीमातीचा तुकडा, ओढून काढला आणि त्यामागचं गुपित कळलं. आत फ्यूजची तार तीन पदरी, छान पीळ घालून बसवलेली. "सारखं कोण शिडी लावून चढणार?" बाबा म्हणाले. म्हणजे एवढी वर्षं फ्यूज नव्हताच, नुसती जाडजूड तार होती. भार वाढला असता तर ती वितळायच्या आधी भिंतीतली वायर तापली असती.

बोर्डाला हात लावायचं कारण मात्र वेगळंच होतं. दोन आठवडे जिन्याखालच्या कपाटाशी मासळीसारखा वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून मी अख्खं कपाट उपसलं. उंदीर नाही. वास येत होता मेन स्विचमधून. बेकेलाइट किंवा वायरीवरचं प्लॅस्टिक तापलं की असा वास येऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वायरमनकाकांनी झाकण काढून दाखवलं: न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा, स्क्रू सैल झालेला, वायरीवरचं आवरण दोन बोटं लांबीपर्यंत तपकिरी, आणि नखानं दाबलं तर वाळक्या पानासारखं चुरा होणारं. सैल जोडापाशी रोध वाढतो, तिथेच उष्णता साठते, आणि करंट तर नेहमीइतकाच असतो. त्यामुळे फ्यूजला, अगदी एकपदरी फ्यूजलासुद्धा, यातलं काही कळत नाही.

मी पूर्वी "हे काय, मीच करते" या पंथातली. इथे मात्र वाटणी आधीच करून घेतली. मीटरपासून मेन स्विचपर्यंतचं सगळं परवानाधारक माणसाकडे, त्यात चर्चा नाही. मेन स्विच बंद केला तरी त्यात येणाऱ्या वायरींच्या स्क्रूंवर वीज असतेच. तिथे टेस्टर आणि उत्साह एवढ्या भांडवलावर जायचं नसतं. वीज कंपनीकडून पुरवठा रीतसर तोडून घेतल्यावर पुढचं बरंचसं काम मी केलं, काका शेजारी उभे असताना.

खरी मेहनत त्याच्याही आधीची. सहा फ्यूज आणि दोन मजले. कुठला फ्यूज कशाचा, हे फक्त बाबांच्या डोक्यात, आणि तेही निम्मं चुकीचं. मी रेडिओ मोठ्यानं लावून एकेका प्लगला जोडत गेले, बाबा खाली एकेक फ्यूज काढत गेले. आवाज बंद झाला की ओरडायचं. दोन दिवस घर नुसतं ओरडत होतं. दारावरची घंटा पाण्याच्या पंपाच्या लायनीवर निघाली. का, ते विचारू नका.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे (पडणारे) स्विच, निवडताना मी सगळीकडे ३२ अँपिअरच्या घालू म्हणाले, सारख्या पडायला नकोत म्हणून. काकांनी एकच विचारलं, "म्हणजे बाबांचा पीळच ना?" एमसीबी भिंतीतल्या वायरीला सांभाळायला असते, यंत्राला नव्हे. दिव्यांची वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तिला ६ अँपिअर भरपूर झाले. २.५ च्या वायरीला १६. पंपाला 'सी' प्रकारची घेतली, कारण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. 'बी' प्रकार स्वतःवर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पटींत झटकन पडतो, 'सी' पाच ते दहा पटींपर्यंत कळ काढतो. शिवाय दोन्ही मजल्यांना वेगवेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढा करंट वाट सोडून गेला की पुरवठा तोडणारा स्विच. ती माणसाला सांभाळायला.

जोडणीत एक चूक झाली, ती सांगून टाकते. एमसीबीच्या खालच्या भोकात वायर घातली, स्क्रू घट्ट आवळला, खूश झाले. काकांनी येऊन प्रत्येक वायर ओढून पाहिली आणि तिसरी अलगद त्यांच्या हातात आली. आत एक छोटा पिंजरा असतो, स्क्रू फिरवला की तो वर सरकून वायर आवळतो. माझी वायर पिंजऱ्यात न जाता त्याच्या मागून गेली होती. स्क्रूड्रायव्हरला मात्र अगदी घट्ट लागत होतं. तेव्हापासून मी प्रत्येक वायर दोनदा ओढते, काका हसले तरी.

संध्याकाळी पुरवठा आला, सगळं सुरू झालं, काका गेले. अंधार पडल्यावर जिन्यातला दिवा लावला, आणि दोन्ही मजले काळोखात. दोन्ही आरसीसीबी पडल्या होत्या. वर केल्या, दिवा लावला, परत पडल्या. बल्बच खराब म्हणून खणात पडलेला अर्ध्या वॅटचा रात्रदिवा लावला. काही पडेना! मग नवा ९ वॅटचा बल्ब लावला. पडल्या.

त्या रात्री झोप कसली. आरसीसीबी एवढंच बघते की फेजमधून गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलनं परत आला का. ९ वॅटला २३० व्होल्टनं भागा: निदान ३९ मिलिअँपिअर. अर्ध्या वॅटचे मोजकेच, ३० च्या आसपासही न जाणारे. म्हणजे गळती नव्हतीच. दिव्याचा सगळाच्या सगळा करंट भलत्या वाटेनं परत जात होता.

सकाळी मेन बंद करून दोन्ही आरसीसीबी पाडून ठेवल्या. तसं केलं की वरचे आणि खालचे न्यूट्रल एकमेकांपासून सुटतात. मल्टिमीटरच्या एका टोकाला लांब वायर बांधून होल्डरपर्यंत नेली. वरच्या न्यूट्रल पट्टीला दुसरं टोक लावलं, काही नाही. खालच्या पट्टीला लावलं, पीं, म्हणजे वायर इथेच जोडलेली. फेज वरच्या मजल्याचा, न्यूट्रल खालच्या मजल्याचा. वरून-खालून दोन्हीकडून दिवा लावता येणारा टू-वे स्विच बसवताना कुणीतरी चार हात वायर वाचवली होती. फ्यूजच्या जमान्यात ते कधी उघडकीला आलं नाही.

बाबांची एक जुनी गोष्ट आहे, आम्ही भावंडं ती ऐकून हसायचो. खालचे सगळे फ्यूज काढून ते न्यूट्रल पट्टीचा स्क्रू बदलत होते आणि न्यूट्रलनं त्यांना झटका दिला. "न्यूट्रलला कसली वीज, बाबा?" म्हणून आम्ही ती कायम उडवून लावली. फ्यूज खालचे काढलेले, पण जिन्यातला दिवा वरच्या फेजवर चालू. पट्टीतून सोडवलेलं न्यूट्रलचं टोक हातात आलं की वीज दिव्यातून सरळ त्या टोकापर्यंत येणारच.

काकांनी दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून नवीन न्यूट्रल ओढला, आणि ९ वॅटचा बल्ब लागला. बाबांनी वरच्या स्विचवरून लावला, खाली येऊन खालच्यावरून बंद केला, पुन्हा लावला. मी त्यांना करंटची सगळी वाट कागदावर काढून दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती नीट पाहिली.

"मी कधीचा सांगतोय," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. भाऊ रविवारी येणार आहे.