लग्न झालंय का, हा प्रश्न

मंगळवार, रात्र

आज शेवटी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, करून आली. वय 38, आणि ही पहिलीच.

पाच वर्षांआधी धरमपेठेत एका डॉक्टरकडे गेली होती पाळीच्या त्रासासाठी, तेव्हा मीच विचारलं होतं की ही टेस्ट करून घेऊ का. त्यांनी विचारलं लग्न झालंय का, मी नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या मग गरज नाही तुला. झालं. मी गप उठून आली. तेव्हा चार वर्षांपासून मी हिच्यासोबत, माझ्या पार्टनरसोबत, एका घरात राहत होती आणि ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, आमच्यासारख्यांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तर 2018 लाच गेलं होतं पण कोर्टाने काढलं म्हणून दवाखान्यातल्या खुर्चीत बसून बोलता येतंच असं नाही नं.

नंतर वाचत गेली तसं कळलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्हीमुळेच होतो, आणि तो व्हायरस जवळिकीतल्या त्वचेच्या स्पर्शाने, हाताने, टॉयमधूनही जातो, त्याला पुरुषच पाहिजे असं काही नाही. आणि आमच्यातल्या कितीतरी जणींची आधी घरच्यांनी लग्नं लावून दिलेली असतात, ते वेगळंच. ब्रेस्ट कॅन्सरचंही तसंच, मूल झालं नाही, अंगावर पाजलं नाही की धोका थोडा वाढतो, म्हणजे आमच्यासारख्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायला पाहिजे.

आजच्या मॅडमनी पण तेच विचारलं, लग्न झालंय का. मी म्हटलं, नाही, पण माझी पार्टनर आहे, बाई आहे, नऊ वर्षं झाली. हात थंड पडले होते माझे. त्यांनी पेन थांबवलं, मग म्हणाल्या बरं केलं सांगितलं, आणि सगळ्यात छोटा स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायला योनीमार्ग उघडून धरायचं साधन, घेतला. दुखलं नाही, थोडं दाबल्यासारखं वाटलं, छोट्या ब्रशने पेशी घेतल्या, दोन-तीन मिनिटांत संपलं. नॉर्मल आली तर तीन वर्षांनी परत यायचं. इतक्याशा गोष्टीसाठी पाच वर्षं गेली, याचा राग अजून आहे मला.

आता हिचं. ही 41 ची आहे आणि गायनॅककडे जायचं नाव काढलं की विषय बदलते. शर्ट-पँट, बारीक कापलेले केस, वेटिंगमधल्या बाया टक लावून पाहतात, एकदा कंपाउंडर म्हणाला होता पेशंट कुठे आहे. ते ती विसरली नाही. मी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या एचपीव्ही टेस्टचं सॅम्पल आपल्या हातानेही घेता येतं, जागतिक आरोग्य संघटनाही ते चालतं म्हणते, 30 नंतर दर पाच ते दहा वर्षांनी. तपासायला कोणी नको, स्पेक्युलम नको.

जेवताना हे सांगितलं तिला. भाकरी मोडता मोडता थांबली, म्हणाली, खरंच स्वतः घेता येतं का. पहिल्यांदाच तिने उलट काही विचारलं. उद्या फोन करून विचारते ते किट इथे कुठे मिळेल.