साखळी थांबली म्हणजे बंद झाली असं नाही

साखळी सरकली ती जेमतेम दोन इंच. माझ्या मदतनिसाच्या हातमोज्याच्या तर्जनीचं टोक फाटलं, आतलं बोट वाचलं. बॅटरीवर चालणारी साखळी-करवत त्याच्या नव्हे, माझ्या हातात होती. म्हणून ते दोन इंच अजून डोक्यातून जात नाहीत.

काम वादळानंतरचं. झाड रस्त्यावर आडवं पडलेलं, खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी. असं खोड वरून दाबलेलं असतं आणि खालून ताणलेलं. सरळ वरून कापत गेलं तर काप मिटतो आणि बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, त्यात घट्ट अडकतो. म्हणून आधी दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, साधारण एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून. खालून कापताना बारची वरची कड वापरावी लागते, आणि तेव्हा साखळी करवतीला आपल्याच अंगावर ढकलते. पाय रोवलेले हवेत, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पक्का वळलेला हवा आणि बारचं टोक कुठे आहे ते सतत ठाऊक हवं. टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला तर करवत उसळून तोंडाकडे येते, सावरायला वेळ मिळत नाही. हे सगळं मी त्या दिवशी नीट केलं. खोड सुटलं तेव्हा बार मोकळा होता. असा काप साधला की मला आजही समाधान वाटतं.

पेट्रोलची करवत चालू असताना लोक आपणहून लांब राहतात. बॅटरीची असली की कडेला येऊन उभे राहतात, मोबाईल धरून वाकतात. दोघा-तिघांना मला हाताने मागे सारावं लागलं. आवाज कमी, म्हणजे धोकाही कमी, असं लोक धरून चालतात. मला त्यांचा राग आला होता. पण पुढच्या दहा मिनिटांत मीही तेच धरून चाललो.

ओल्या लाकडाचा चुरा कव्हरखाली, दातेरी चाकापाशी साचला होता. मदतनीस म्हणाला, "दादा, काढू का?" मी करवत त्याच्याकडे वळवली आणि म्हणालो, "काढ." मागची मूठ माझ्या उजव्या हातात होती. आमच्या करवतीत ट्रिगरचं लॉक मुठीच्या वरच्या बाजूला आहे. मूठ धरली की ते तळव्याने आपोआप दाबलं जातं. उरतो तो फक्त ट्रिगर. माझं बोट त्यावर होतं. त्याने चुरा ओढला, करवत हलली, ती सावरायला मी मूठ आवळली.

पेट्रोलच्या करवतीवर मी तीस वेळा सांगितलं असेल, आधी इंजिन बंद, मग हात. तिथे इंजिन धडधडत असतं, मूठ थरथरते, बंद करायचं विसरूच देत नाही. बॅटरीच्या करवतीत साखळी थांबली की सगळंच थांबल्यासारखं वाटतं, पण मोटर एका बोटाच्या अंतरावर तयार असते. आणि तिला वेग घ्यावा लागत नाही, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो. म्हणूनच पायांवरच्या संरक्षक चॅप्सवरही फार विसंबू नये. त्यांतले धागे साखळीत गुंतून पेट्रोलचं इंजिन बंद पाडतात, इलेक्ट्रिक मोटर तशी अडेलच याचा भरवसा नाही. यंत्र देणाऱ्यांनी चार्जिंग कसं करायचं ते अर्धा तास दाखवलं होतं, यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

साखळीचा ब्रेक पुढे ढकलला असता तरी ती हलली नसती. बॅटरी काढायला दोन सेकंद लागतात. मी दोन्ही केलं नाही.

आता साखळीचा ताण तपासायचा असो, कानस फिरवायची असो की तेल भरायचं असो, आधी बॅटरी निघते आणि जो हात घालणार त्याच्याच खिशात जाते. मदतनीस काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी कामावर आला. पण मी करवत पुढे केली की तो आधी माझ्या उजव्या हाताकडे बघतो.