ढग बसलेली सकाळ

जुलैचा तिसरा आठवडा. तरणा पाऊस सरून म्हातारा लागला होता. धो धो नाही, पण उघडीपही नाही, नुसती झड. पहाटे पाचला स्कूटीवरून घरातून निघाले तेव्हा सांबरा रोडवर पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या काउंटरवर नऊ वर्षं काढल्यावर एवढ्यावरून कळतं, आजचा दिवस लोकांना समजावण्यातच जाणार.

लोकांना वाटतं पावसानं विमान अडतं. हलका पाऊस विमान सोसतं हो. अडवतो तो खाली बसलेला ढग. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 2,500 फुटांवर आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर 3,000 फुटांवर दिसणारा ढग तसाच घाट ओलांडून आला, तर आमच्या डोक्यावर जेमतेम 500 फूट उरतो. पायलटला एका ठरलेल्या उंचीपर्यंतच खाली येता येतं. तिथून धावपट्टी दिसली नाही तर परत वर. 1942 साली इंग्रजांच्या हवाई दलानं इथं तळ बांधला, तेव्हा जागा बघायला आलेला साहेब नक्की उन्हाळ्यात आला असणार, असं आम्ही चहा पिताना म्हणतो.

बेंगळूरहून येणारं विमान पावणेनऊला उतरून इथली माणसं घेऊन परत जायचं होतं. सत्तरेक माणसं बसलेली. साडेआठला उद्यमबागमधले एक फौंड्रीवाले काउंटरला आले. "मॅडम, खरं सांगा. हुबळीहून दुसरं विमान आहे, साडेअकराचं. ड्रायव्हर बाहेर उभा आहे. आत्ता निघालो तर गाठतो. जाऊ की थांबू?"

विमान बेंगळूरहून सुटलंय, एवढंच मला ठाऊक होतं. इथं उतरेल की नाही ते पायलटलाही ठाऊक नव्हतं. तरी मी हसून म्हटलं, "थांबा हो, अर्ध्या तासात येतंयच." का म्हटलं? रांग लांब होती, आणि हसून दिलासा द्यायची सवय लागली होती. त्यांनी ड्रायव्हरला घरी पाठवून दिलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी डोक्यावर आवाज आला. सगळी काचेपाशी धावली. पंख्यांची घरघर अगदी छपरावरून गेल्यासारखी, आणि बाहेर नुसता पांढरा पडदा. आवाज लांब गेला. बारा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आला. एक आजी मला कानडीत विचारू लागल्या, "बरतैतेन्री?" येतंय काय हो? मी काही बोलायच्या आत आवाज पूर्वेला विरून गेला, तो आलाच नाही. दुसऱ्या विमानतळावर पोचण्यापुरतं आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन राखून ठेवावंच लागतं. त्याला हात लावायच्या आधी पायलट निघून जातो. विमान हुबळीला उतरलं.

फौंड्रीवाल्यांनी घड्याळ बघितलं. पावणेदहा. हुबळी नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. आता गाडी मागवून काही उपयोग नव्हता. मला वाटलं, आता आवाज चढणार. तो चढला नाही. "माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं," एवढंच बोलून ते खुर्चीत जाऊन बसले.

शिव्या खायची सवय आहे मला. हे वाक्य मात्र लागलं.

मी काउंटर सोडून मधोमध जाऊन उभी राहिले. मराठीत सांगितलं, मग कानडीत, मग हिंदीत. "विमान हुबळीला आहे. इकडं येईल की नाही, मला माहीत नाही. दहा वाजता मी परत इथंच उभी राहून सांगेन, नवीन काही असो-नसो." दहाला गेले तेव्हा खरंच काही नव्हतं. तेवढंच सांगितलं आणि पुढची वेळ दिली, साडेदहा. गंमत म्हणजे दर दोन मिनिटांनी काउंटरवर येणारी माणसं चहाला गेली. कुणीतरी डबा उघडला.

जांबोटीकडचे एक मामा मात्र काचेपासून हलले नव्हते. लेकीकडं बारशाला निघालेले, मांडीवर बासमती तांदळाची पिशवी. "ती पलीकडली टाकी बगालोय मघापासनं. सकाळी जराशी दिसली होती, आता दिसंना. ती दिसली की तुझं विमान येतंय बग, पोरी." मी म्हटलं, मामा, आमच्या हवामान खात्यातला माणूस हेच करतो, अंतर मोजून ठेवलेल्या खुणा बघतो, कुठली दिसते, कुठली नाही. "मग त्यात शिकायचं काय असतंय?" मामा म्हणाले.

साडेदहाला निरोप आला. वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपत होते, इकडं येऊन मग परत जाण्याइतके उरले नव्हते. विमान इकडं न येता दुपारी हुबळीहूनच बेंगळूरला जाणार. मग खरी धांदल. सुरक्षा तपासणी झालेल्यांना मागं आणायचं, टॅग लावलेल्या बॅगा उतरवून ज्याच्या त्याच्या हाती द्यायच्या, प्रत्येकाला विचारायचं: बसनं हुबळी, उद्याचं विमान, की पैसे परत? नुकसानभरपाई मागणाऱ्यांना समजवायचं, की हवामानापायी झालेल्या रद्दीला ती मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र मिळतात. हे वाक्य मी त्या दिवशी तीसेक वेळा म्हटलं असेल.

फौंड्रीवाले बसमध्ये चढले. ज्या रस्त्यानं साडेआठला जाणार होते, त्याच कित्तूर-धारवाडच्या रस्त्यानं. मी बसच्या दारात जाऊन "चुकलं माझं, साहेब" म्हटलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही. त्यांच्या मागं मामा-मामी. मामा पायरीवर थांबून म्हणाले, "पयल्यांदा विमानात बसायचं म्हटलं, तर आदी बस!" अख्खी बस हसली.

बस फाटकातून गेली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाऊणच्या सुमाराला ढग उचलला. पलीकडली टाकी लख्ख दिसली, तिच्यावरचं शेवाळसुद्धा. दुपारचं विमान वेळेवर उतरलं. त्यातून आलेल्या एका मुलानं बॅगेची वाट बघता बघता विचारलं, "इथं सकाळी पाऊस होता काय?"

"पाऊस तसा नव्हता," मी म्हटलं.